तालिबान समजून घ्यायचंय ना, मग आधी रस्ता बघा

माझा भाचा एमपीएससी करतोय, नाशिकला गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत दिवसभर पडीक असतो. एका रविवारी मिसळ खाता खाता म्हणाला, मामा, ते तालिबानचं काही केल्या डोक्यात बसत नाहीये, मुजाहिदीन काय, अल कायदा काय, हक्कानी काय, सगळे दाढीवाले सारखेच वाटतात आणि नोट्समध्ये नुसत्या तारखा. आता मी काही प्राध्यापक नाही. आडगाव नाक्यावर वीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये काढली, कांदा द्राक्षं डाळिंब भरून गाड्या पाठवल्या, एवढंच. पण डिसेंबर १९९९ मध्ये आपलं आयसी ८१४ विमान अपहरण करून कंदहारला नेलं ना, ते आठ दिवस टीव्हीसमोरून उठलो नव्हतो, तेव्हापासून जे हाताला लागेल ते वाचत आलोय. त्याला जसं शिकवलं तसंच इथे लिहितोय, अजून कोणाला उपयोग झाला तर झाला.

सामान फार लागत नाही. एक दोनशे पानी वही, पेन्सिल, आणि अफगाणिस्तान-पाकिस्तानचा कागदी नकाशा. कागदीच घ्या, मोबाईलवर झूम करत बसलात की अंतर कळत नाही. सीबीएस बसस्टँडजवळ स्टेशनरीच्या दुकानात आशियाचा मिळतो, तो चालेल, नाहीतर प्रिंट मारून आणा.

आता नकाशावर काबूलला गोल करू नका. सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि मग गोंधळतात. पाकिस्तानातलं क्वेट्टा शोधा, तिथून वायव्येला चमन, लगेच सीमेपलीकडे स्पिन बोल्डक, पुढे कंदहार, मग लांब पश्चिमेला हेरात आणि तिथून वर तुर्कमेनिस्तान. ही रेघ पेन्सिलने जाड काढा. तालिबानच्या सुरुवातीच्या बऱ्याच घडामोडी या एका रेघेवर घडल्या आहेत.

स्पिन बोल्डक ते कंदहार साधारण १०० किलोमीटर, म्हणजे आपलं नाशिक ते मालेगाव समजा. आता कल्पना करा की तुमची डाळिंबाची गाडी निघाली आणि ओझरला एक बंदूकवाला रस्त्यात साखळी लावून उभा, पैसे द्या मग पुढे, पिंपळगावला दुसरा, त्याचा ओझरवाल्याशी संबंध नाही त्याला वेगळे पैसे, चांदवडला तिसरा, उमराण्याला चौथा, आणि एखाद्याची सटकली तर माल पण गेला आणि क्लीनर पण गेला. १९९२ ते ९४ मध्ये कंदहारच्या रस्त्यांची ही अवस्था होती. आम्ही टोलनाक्यावर दहा मिनिटं थांबलो तरी शिव्या देतो. धंदा करणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच पाहिजे असतं, कोणीही या, पण एकदाच काय ते घ्या आणि रस्ता मोकळा करा. भाच्याला म्हटलं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि खाली अंडरलाईन कर, मग बाकीचं वाच.

ही अवस्था आली कशी, त्यासाठी आता उलटं जायचं. १९९४ वरून मागे. मी हे मुद्दाम उलटं करायला लावतो कारण सरळ वाचलं की पोरं १९७९ मध्येच दमतात.

९४ च्या मागे १९९२, रशियाच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लाचं सरकार पडलं आणि मुजाहिदीन गटांनी, म्हणजे आधी रशियनांशी लढलेल्या टोळ्यांनी, काबूल आपसात भांडून उद्ध्वस्त केलं. त्याच्या मागे फेब्रुवारी १९८९, सोव्हिएत फौजा गेल्या. त्याच्या मागे डिसेंबर १९७९, त्या आल्या. त्याच्या मागे एप्रिल १९७८, कम्युनिस्टांचं बंड. अजून मागे जुलै १९७३, राजा जहीर शाहला त्याच्याच चुलतभावाने, दाऊद खानने घालवलं. अजून मागे जायचं असेल तर थेट १८९३, इंग्रजांनी आखलेली ड्युरँड रेषा, कारण पश्तून लोक त्या रेषेच्या दोन्ही बाजूला राहतात आणि ती रेषा काबूलच्या एकाही सरकारने मनापासून मानलेली नाही, तालिबानने पण नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

सोव्हिएत युद्धात लाखो लोक घर सोडून पाकिस्तान आणि इराणमध्ये गेले, एका टप्प्याला आकडा साठ लाखांच्या आसपास होता. पेशावर आणि क्वेट्टाच्या बाजूला छावण्या. त्या छावण्यांमध्ये जी पोरं वाढली त्यांनी ना गाव बघितलं, ना शेती, ना आजोबांनी सांगितलेल्या टोळीच्या रीती. शाळा नव्हत्या, मदरसे होते, जेवण-राहणं फुकट. पाकिस्तानचा लष्करशहा झिया उल हकच्या काळात या मदरशांना सरकारचा आणि सौदीच्या पैशाचा हात होता. तालिब म्हणजे विद्यार्थी, तालिबान हे त्याचं पश्तोमधलं अनेकवचन, आणि नाव तिथूनच आलं. पेशावरच्या पूर्वेला अकोरा खट्टक म्हणून गाव आहे तिथला दारुल उलूम हक्कानिया मदरसा नकाशावर टिंब देऊन दाखवा, पुढचे बरेच मोठे तालिबान नेते तिथे शिकलेत.

इथे दोन खड्डे आहेत आणि पोरं दोन्हीत पडतात.

पहिला, "तालिबान अमेरिकेने बनवलं". व्हॉट्सॲपवर हे इतकं फिरतं की खरं वाटायला लागतं. अमेरिकेने पैसा आणि हत्यारं दिली, १९८६ पासून स्टिंगर क्षेपणास्त्रं पण दिली, पण ती मुजाहिदीन गटांना, आणि वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातात होतं. तालिबान ही संघटना १९९४ ची, तोवर रशियन जाऊन पाच वर्षं झाली होती आणि अमेरिकेचं लक्ष उडालं होतं. मात्र तालिबानच्या पहिल्या फळीतले बरेच जण आधी मुजाहिदीन म्हणून लढलेले होते. म्हणजे वाक्य कसं लिहायचं तर, युद्धाने जमीन तयार केली, आणि पेरलं दुसऱ्यांनी. एवढा फरक पेपरमध्ये दाखवला की तपासणारा खूश.

दुसरा खड्डा देवबंदचा. उत्तर प्रदेशातलं देवबंद, १८६६ चा मदरसा, आणि तालिबान स्वतःला देवबंदी म्हणवतात, म्हणून लोक थेट रेघ ओढून मोकळे होतात. मध्ये फाळणी झाली, पाकिस्तानातले मदरसे वेगळ्या वाटेला गेले, छावण्यांमधला कट्टरपणा आला, वर पश्तून गावाकडच्या चालीरीती मिसळल्या, हे सगळं गाळून कसं चालेल. २००८ च्या फेब्रुवारीत देवबंदलाच देशभरातले उलेमा जमले होते आणि त्यांनी दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं होतं. माझ्याकडे मालेगावचे एक चाचा ड्रायव्हर होते, पाच वेळचे नमाजी, गाडी बाजूला लावून नमाज पढायचे, ते कंदहारच्या बातम्या बघून टीव्हीवरच्या लोकांना जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. तर सरसकट काही लिहू नका.

आता मुल्ला उमर. कंदहारजवळच्या मैवंद भागातल्या संगेसर गावचा साधा मुल्ला, रशियनांशी लढताना उजवा डोळा गेलेला. गोष्ट अशी सांगतात की १९९४ च्या वसंतात एका कमांडरने दोन मुली पळवल्या, उमरने तीसेक विद्यार्थी आणि मोजक्या बंदुका घेऊन मुली सोडवल्या आणि त्या कमांडरला रणगाड्याच्या नळीला लटकवलं. भाच्याने विचारलं, मामा खरी का? म्हटलं, वहीत "सांगितलं जातं" असं लिही. प्रत्येक चळवळ आपली पहिली गोष्ट घासूनपुसून लखलखीत करते. ती गोष्ट लोकांना खरी वाटली आणि वाटावी अशी परिस्थिती होती, आपल्या कामाचं ते.

यापुढचं मात्र पक्कं आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये तालिबानने स्पिन बोल्डक घेतलं, जवळचा हत्यारांचा मोठा साठा हाती लागला. त्याच महिन्याच्या शेवटी पाकिस्तानने क्वेट्ट्याहून तीसेक ट्रकचा ताफा तुर्कमेनिस्तानकडे पाठवला, बेनझीर भुट्टोंचे गृहमंत्री नसीरुल्ला बाबर यांची ही कल्पना, मध्य आशियाचा व्यापारी रस्ता उघडायचा. कंदहारच्या अलीकडे कमांडरांनी ताफा अडवला. तालिबान आले, ट्रक सोडवले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अख्खं कंदहार त्यांच्या हातात, फारशी लढाई न होता. साखळ्या निघाल्या. क्वेट्टा आणि चमनचे ट्रान्सपोर्टवाले पैसे द्यायला लागले, एकच नाका एकच पावती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसमध्ये एकटाच बसलो होतो आणि खरं सांगू, मला त्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा राग नाही आला, मी त्यांच्या जागी असतो तर मी पण दिले असते, आणि हेच डोक्यात राहिलं.

पण ती पावती फक्त रस्त्याची नव्हती. कंदहारमध्ये मुलींच्या शाळा बंद झाल्या, बायकांची नोकरी बंद, टीव्ही बंद, संगीत बंद, पतंग सुद्धा बंद. आपल्याकडे येवल्याला संक्रांतीला गच्चीवर काय धुमाकूळ असतो, तिथे पतंग गुन्हा. रस्ता सुरक्षित झाला आणि घरातल्या अर्ध्या माणसांना त्या रस्त्यावर यायला बंदी झाली. हे दोन वेगळ्या पानांवर लिहू नका, समोरासमोर लिहा.

पसरले कसे, हा पुढचा भाग. सप्टेंबर १९९५ हेरात, सप्टेंबर १९९६ आधी जलालाबाद आणि मग २६-२७ तारखेच्या रात्री काबूल, तिथे संयुक्त राष्ट्रांच्या आवारात आसरा घेतलेल्या नजीबुल्लाला ओढून काढून मारलं. दरम्यान एप्रिल १९९६ मध्ये उमरने कंदहारला जपून ठेवलेला पैगंबरांचा झगा लोकांसमोर खांद्यावर घेतला आणि अमीर उल मोमिनीन, म्हणजे श्रद्धावंतांचा सरदार, हा किताब घेतला, म्हणजे आता हा नुसता गावचा मुल्ला नाही. नकाशावर ही गावं रंगवली की एक गोष्ट दिसेल, पश्तून दक्षिणेत ते पाण्यासारखे पसरले, बरेच कमांडर पैसे घेऊन किंवा वारं बघून बाजूला झाले. उत्तरेत ताजिक, उझबेक, हजारा लोकांच्या भागात मात्र अडकले. मजार-ए-शरीफ मे १९९७ मध्ये घेतलं आणि काही दिवसांत मार खाऊन सोडलं, परत ऑगस्ट १९९८ मध्ये घेतलं तेव्हा हजारा लोकांची कत्तल केली, इराणचे राजनैतिक अधिकारी मारले गेले आणि इराणशी युद्ध होता होता राहिलं. म्हणजे "जनतेने स्वागत केलं" हे वाक्य कंदहारसाठी काही अंशी चालेल, मजारसाठी अजिबात नाही. देशांपैकी मान्यता दिली फक्त तिघांनी, पाकिस्तान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात.

आता वहीत चार कोरी पानं सोडा आणि प्रत्येकावर एकच नाव, कारण सगळा गोंधळ इथेच आहे.

अल कायदा. अरब लोकांची संघटना, तिचं लक्ष अख्ख्या जगावर. बिन लादेन मे १९९६ मध्ये सुदानहून जलालाबादला आला, तेव्हा तालिबानने ते शहर घेतलं पण नव्हतं, म्हणजे तो आधीपासून पाहुणा आणि नंतर तालिबानच्या पदरात पडला. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकन दूतावासांवर स्फोट, ऑक्टोबर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ठराव १२६७, लादेनला सोपवा म्हणून, आणि हे सोपवत नाहीत. हक्कानी नेटवर्क, जलालुद्दीन हक्कानीचं, तालिबानच्या छत्राखालीच पण स्वतःचा इलाखा राखून. २००८ मध्ये काबूलच्या आपल्या दूतावासावर स्फोट झाला त्यात त्यांचंच नाव घेतलं गेलं. तिसरं तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तान म्हणजे टीटीपी, डिसेंबर २००७, बैतुल्ला मेहसूद, नाव सारखं पण लढाई पाकिस्तानच्याच विरुद्ध, २०१४ मध्ये पेशावरच्या आर्मी स्कूलवरचा हल्ला यांनीच केला. चौथं आयसिसची खोरासान शाखा, २०१५ पासून, आणि ही तर तालिबानची दुश्मन, ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळाच्या दारात स्फोट करणारे हे. चार पानं भरली की अर्धा विषय संपला, भाच्याचा तरी संपला.

२००१ घाईत उरकलं तरी चालेल, ते सगळ्यांना पाठ असतं. मार्चमध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या, ९ सप्टेंबरला उत्तरेत तालिबानशी लढणाऱ्या अहमद शाह मसूदचा खून, ११ ला न्यूयॉर्क, ७ ऑक्टोबरला अमेरिकेचे हल्ले, डिसेंबरमध्ये कंदहार पण गेलं.

वेळ द्यायचा तो नंतरच्या वीस वर्षांना, हरलेले परत आले कसे. नेते क्वेट्ट्याच्या बाजूला जाऊन बसले, पहिल्या पानावरची तीच रेघ. गावांमध्ये सरकारी कोर्टात वर्षानुवर्षं तारीख पे तारीख आणि वर लाच, तर तालिबानचा काझी जमिनीचा तंटा दोन दिवसांत मिटवायचा. न्याय कसा असेल ते सोडा, निकाल लागायचा. आणि ट्रक परत आलेच बघा. अमेरिकेच्या तळांना माल पोचवायचं दोन अब्ज डॉलरच्या वरचं कंत्राट होतं, त्यावर अमेरिकेच्याच संसदेच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल काढला की रस्त्यावर गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून कंत्राटदार बंदूकवाल्यांना पैसे देतायत आणि त्यातले तालिबानकडे जात असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ज्यांच्याशी लढाई त्यांनाच वाटखर्ची. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या दिवशी कळलं असतं.

मुल्ला उमर २०१३ मध्ये मेला आणि तालिबानने ते दोन वर्षं लपवलं. पुढचा प्रमुख मन्सूर २०१६ च्या ड्रोन हल्ल्यात बलुचिस्तानात गेला, मग हैबतुल्ला अखुंदजादा, तो आजही कंदहारला बसून देश चालवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्याला अमेरिकेशी करार, काबूलचं सरकार त्या खोलीत नव्हतंच. मग २०२१ चा उन्हाळा, इथे परत नकाशा उघडा. शहरांच्या आधी त्यांनी सीमेवरचे नाके धरले, जुलैमध्ये इराणकडचं इस्लाम कला, मग स्पिन बोल्डक, जिथे आपला फोटोपत्रकार दानिश सिद्दीकी मारला गेला. जकात त्यांच्या खिशात आणि सरकारची तिजोरी कोरडी. ६ ऑगस्टला झरंज पडलं, भारताने बीआरओकडून, म्हणजे आपल्या सीमा रस्ते संघटनेकडून, २१८ किलोमीटरचा झरंज ते देलाराम रस्ता बांधून दिलाय ते हेच झरंज, आणि १५ ऑगस्टला आपण इकडे झेंडावंदन करून जिलबी खात होतो तेव्हा तिकडे काबूल गेलं. मुलींच्या माध्यमिक शाळा तेव्हापासून बंदच आहेत, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठं पण.

वाचायचं कुठे म्हणाल तर सावानाची, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, मेंबरशिप घ्या, तिथे शांतपणे बसता येतं. संयुक्त राष्ट्रांचे अहवाल ऑनलाईन फुकट आहेत, इंग्रजी जड वाटतं पण रोज दोन पानं. एक गोष्ट मात्र करू नका, या लोकांचे प्रचाराचे व्हिडिओ शोधून डाऊनलोड करणं, ग्रुपवर टाकणं. आयसिस आणि अल कायदा आपल्याकडे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी असलेल्या संघटना आहेत, उगाच अभ्यासाच्या नावाखाली नस्ती आफत ओढवून घ्याल, आणि त्या व्हिडिओत समजण्यासारखं काही नसतंच, ते भडकवायलाच बनवलेले असतात. फॉरवर्ड आला तर तीन प्रश्न विचारा, कुठल्या वर्षाचं, कुठल्या गावचं, वरच्या पानांपैकी कोणाचं. बहुतेक फॉरवर्ड पहिल्याच प्रश्नाला झोपतात.

वहीची शेवटची दहा पानं रिकामी ठेवा, विषय चालू आहे. जुलै २०२५ मध्ये रशियाने तालिबान सरकारला मान्यता दिली, २०२१ नंतरचा पहिला देश, म्हणजे ज्या फौजा १९८९ ला निघून गेल्या त्यांचाच वारस. ऑक्टोबरमध्ये तालिबानचा परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आला, पत्रकार परिषदेत बायका पत्रकार नाहीत म्हणून बोंब झाली, देवबंदला पण जाऊन आला. इंटरव्ह्यूत यावर नक्की विचारतील, भारत का बोलतोय त्यांच्याशी. भाच्याने पहिलं उत्तर दिलं "धोरणात्मक हितसंबंध", म्हटलं हे सगळेच म्हणतील, तू नकाशा डोक्यात ठेवून बोल.

आणि नेमकं त्याच ऑक्टोबरात पाकिस्तान आणि तालिबानची सीमेवर जुंपली. ज्या पाकिस्तानने ९४ ला ताफा पाठवला त्याचीच विमानं तेव्हा काबूलवर, कारण टीटीपीवाले तिकडे लपतात म्हणून. टीटीपी आणि ड्युरँड रेषा दोन्ही तुमच्या वहीत आहेतच. तोरखम आणि चमन हे दोन्ही सीमानाके तेव्हा बंद झाले, आणि कंदहारच्या डाळिंबाचा ऐन हंगाम. आमच्या सटाणा-देवळ्याच्या बागवाल्यांना विचारा, तोडलेलं डाळिंब गाडीत चार दिवस उभं राहिलं तर काय होतं ते. मी भाच्याला तोच गृहपाठ दिलाय, दर सोमवारी चमनचा नाका उघडा आहे की बंद तेवढं एका ओळीत तारखेसकट लिहायचं, बाकीच्या बातम्या नंतर.